फॉर्म फाइव्ह बरोबर कसा भरायचा: लहान कारखान्यांसाठी टप्प्याटप्प्याने

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांत कन्सल्टंटचे फोन सुरू होतात. "तीस तारीख आहे, फॉर्म फाइव्ह टाकायचाय, प्रॉडक्शनचा आकडा पाठवा." मालक व्हॉट्सअ‍ॅपवर एक आकडा पाठवतो आणि बाकीचे रकाने मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवले जातात. पोचपावती फाइलला लागते. फॉर्म वेळेत जातो, पण त्यातलं पाणी, त्यातला गाळ आणि त्यातला कचरा यांचा त्या कारखान्याशी काही संबंध उरलेला नसतो.

फॉर्म फाइव्ह म्हणजे कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम १४ नुसार ते भरावं लागतं. जल कायद्याखाली किंवा वायू कायद्याखाली संमती, म्हणजे कन्सेंट, किंवा घातक कचऱ्याचं अधिकारपत्र ज्यांना लागतं, त्या सगळ्यांना ते लागू आहे. ३१ मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचं विवरण ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचं असतं. महाराष्ट्रात ते एमपीसीबीच्या पोर्टलवर ऑनलाइन जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा फॉर्म सप्टेंबरमध्ये भरण्याचा नाहीच. तो वर्षभर मीटरवर, वजनकाट्यावर आणि लॉगबुकात भरला जातो, सप्टेंबरमध्ये फक्त उतरवला जातो. तसा भरला तर कारखान्याचं पाणी कुठे जातं आणि पैसा कुठे वाहून जातो, हे मालकाला स्वतःला कळतं.

खालचे आकडे एका नमुन्याच्या कारखान्याचे आहेत. भोसरी-चाकण पट्ट्यात असतात तसा पावडर कोटिंगचं जॉब वर्क करणारा, सेव्हन टँक लाइनचा, म्हणजे कोटिंगआधी जॉब स्वच्छ करणाऱ्या सात टाक्यांच्या रांगेचा, ६० माणसांचा कारखाना धरा. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत तीच राहील.

तयारी: फॉर्म उघडण्याआधी टेबलावर काय हवं

चालू संमतीपत्र, सगळ्या अटींसह. पाण्याची बारा बिलं आणि टँकरची चलनं. ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संयंत्राचं लॉगबुक. प्रयोगशाळेचे वर्षभरातले सगळे अहवाल, चांगले आलेले तेवढेच नव्हे. घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट, म्हणजे तो पाठवतानाची चलनं, आणि त्या कचऱ्याच्या नोंदीचं फॉर्म थ्रीचं रजिस्टर. ३० जूनला भरलेला फॉर्म फोर, म्हणजे घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. आणि मागच्या वर्षीचा फॉर्म फाइव्ह, तुलनेपुरता.

यातलं लॉगबुक सगळ्यात आधी उघडा. रोजची नोंद एकाच पेनाने, एकाच हातची आणि रोज तेवढेच घनमीटर अशी दिसली, तर ते एका बसकणीत लिहिलेलं आहे. त्यावर पुढचं काहीही उभं करू नका. अशा वेळी पाण्याचं बिल आणि पंप चालल्याचे तास यांवरून आकडा काढा, आणि तो तसा काढला आहे हे फॉर्मच्या शेवटच्या भागात लिहा.

टप्पा १: ३१ मार्चची संध्याकाळ

वर्ष बंद करताना स्टोअरमधल्या मालाची मोजणी होते, तशीच इथली मोजणी करायची. पाण्याच्या प्रत्येक मीटरचं वाचन, ईटीपीच्या आवक आणि जावक मीटरचं वाचन, घातक कचऱ्याच्या खोलीत पडून असलेल्या गाळाचं वजन, रिकाम्या बॅरलची संख्या, वापरलेल्या तेलाचे लिटर. मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा.

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. मग एप्रिल ते मार्च असा आकडा काढायला सुरुवातीचं आणि शेवटचं वाचनच हाताशी नसतं, आणि "अंदाजे" हा शब्द फॉर्ममध्ये शिरतो.

*इशारा:* मीटर बंद पडला असेल तर ज्या दिवशी बंद पडला आणि ज्या दिवशी बदलला, त्या दोन्ही तारखा लॉगबुकात हव्यात. नव्या मीटरचं वाचन शून्यापासून सुरू होतं हे विसरल्यामुळे वर्षाचं पाणी ऋण आलेले फॉर्मही असतात.

टप्पा २: संमतीपत्र वाचा

पार्ट ए मध्ये नाव, पत्ता, उत्पादनक्षमता असली माहिती असते. भरायला सोपा, म्हणून चुका इथूनच सुरू होतात. उत्पादनाचं एकक संमतीपत्रात जे आहे तेच वापरा. संमती चौरस मीटरमध्ये आणि फॉर्ममध्ये नगांची संख्या असं झालं, की पुढचा दर-युनिट हिशेब निरर्थक होतो.

वर्षाचं प्रत्यक्ष उत्पादन संमतीपेक्षा जास्त भरलं तर? इथे बरेच जण आकडा खाली ओढतात. तसं करू नका. जीएसटीची विवरणपत्रं, वीजबिल आणि ग्राहकाची चलनं हे सगळे दुसरीकडे खरा आकडा सांगतच असतात. वाढीव क्षमतेच्या संमतीसाठी अर्ज करा आणि फॉर्ममध्ये खरं उत्पादन दाखवा. जनविश्वास कायद्याने केलेल्या बदलांनंतर १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाला तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. खरी माहिती लपवत बसण्यापेक्षा वाढीव क्षमतेची फी भरणं केव्हाही परवडतं.

टप्पा ३: पार्ट बी, पाण्याचा ताळेबंद

हा फॉर्मचा कणा आहे, म्हणून इथे वेळ घालवा. प्रक्रिया, कूलिंग आणि घरगुती वापर असे तीन रकाने असतात आणि एकक घनमीटर प्रतिदिन असतं.

आधी एकूण आवक काढा. नमुन्याच्या कारखान्यात १ एप्रिलचं वाचन ४१,२५०, ३१ मार्चचं ४५,७५०, म्हणजे वर्षात ४,५०० घनमीटर. उन्हाळ्यात पाणीकपात झाली तेव्हा १० हजार लिटरचे ६० टँकर घेतले, ते ६०० घनमीटर. एकूण ५,१००. कामाचे दिवस ३००. दिवसाला १७ घनमीटर.

टँकर आणि बोअरवेल विसरणं ही या भागातली नेहमीची चूक. दुसरी चूक ३६५ ने भागण्याची. कारखाना ३०० दिवस चालला असेल तर ३०० नेच भागा, कारण ईटीपीवर रोजचा भार किती येतो हे बघायचं आहे, आणि रविवारचा भार शून्य असतो.

आता घरगुती वापर. त्याला वेगळा मीटर नसेल तर स्नानगृहाची सोय असलेल्या कारखान्यासाठी माणशी ४५ लिटर हे भारतीय मानकातलं प्रमाण धरता येतं. ६० माणसांचे २.७ घनमीटर. हॉट वॉटर जनरेटरला १.३ जातं असं त्याच्या मेकअप मीटरवरून, म्हणजे त्यात भर घातलेल्या पाण्याच्या मीटरवरून दिसतं, ते दुसऱ्या रकान्यात. उरलेले १३ घनमीटर प्रक्रियेचे.

*तपासणी:* ईटीपीच्या आवक मीटरवर किती दिसतं? आपल्याकडे ११ दिसतं. १३ आणि ११ मधले दोन घनमीटर गरम टाक्यांची वाफ आणि ओल्या जॉबबरोबर ओव्हनमध्ये जाणारं पाणी यांत जातात, हे पटण्यासारखं आहे. ईटीपीच्या मीटरवर फक्त ५ दिसत असते, तर मात्र कागद बाजूला ठेवून लाइनवर जायला हवं. रिन्स टँकचा, म्हणजे जॉब धुण्याच्या टाकीचा, ओव्हरफ्लो कुठल्या नाळीत जातो, जमीन धुतलेलं पाणी कुठल्या चेंबरला मिळतं, ते पायाने फिरून बघा. पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडलेला एखादा विसरलेला पाइप अशाच वेळी सापडतो. तो आधी बंद करायचा, फॉर्म नंतर.

शेवटी दर-युनिट आकडा. दिवसाला १३ घनमीटर, वर्षाला ३,९०० घनमीटर, म्हणजे ३९ लाख लिटर. कोटिंग झालेलं क्षेत्रफळ २ लाख ६० हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरला १५ लिटर. मागच्या वर्षी १८ असतील तर तीन लिटर कशामुळे कमी झाले हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि २१ झाले असतील तरीही. सलग तीन वर्षं हाच आकडा दशांश चिन्हापर्यंत तसाच आहे असा फॉर्म कुठलाही अनुभवी अधिकारी पहिल्या नजरेत ओळखतो.

टप्पा ४: पार्ट सी, किती घाण बाहेर गेली

इथे दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत: प्रदूषकाची संहती, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम, आणि प्रदूषकाचं वजन, म्हणजे दिवसाला किती किलो. अर्ध्याहून जास्त फॉर्ममध्ये प्रयोगशाळेच्या अहवालातला आकडा दोन्ही रकान्यांत तसाच चिकटवलेला माझ्या पाहण्यात येतो.

हिशेब अवघड नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरमागे एक ग्रॅम. ईटीपीतून बाहेर जाणारं पाणी ११ घनमीटर आणि सीओडी, म्हणजे पाण्याची रासायनिक प्राणवायू मागणी, १८० असेल, तर ११ गुणिले १८०, म्हणजे १,९८० ग्रॅम, दिवसाला १.९८ किलो. संमतीपत्रातली मर्यादा २५० असेल तर तुम्ही मर्यादेच्या २८ टक्के खाली आहात. तिसऱ्या रकान्यात हेच लिहायचं. मर्यादा संमतीपत्रातूनच घ्या. सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे, सीईटीपीकडे जात असेल तर तुमच्या अटी वेगळ्या असू शकतात.

धुराड्याचंही तसंच. अहवालात धूलिकण घनमीटरला ६० मिलिग्रॅम, वायूचा प्रवाह तासाला २,००० घनमीटर आणि बर्नर दिवसाला आठ तास, तर ६० गुणिले २,००० गुणिले ८, म्हणजे ९ लाख ६० हजार मिलिग्रॅम, जवळजवळ एक किलो. प्रवाहाचा आकडा अहवालात सामान्य तापमान-दाबाला आणून दिलेला आहे का, ते प्रयोगशाळेला विचारा.

*इशारा:* पीएचला वजन नसतं. त्या रकान्यात किलो लिहू नका.

नमुना कधी घेतला यावर इथलं सगळं अवलंबून आहे. डीग्रीझिंगची, म्हणजे तेल काढण्याची, आणि डीरस्टिंगची, म्हणजे गंज काढण्याची टाकी काही आठवड्यांनी पूर्ण रिकामी होते आणि तिच्यातलं द्रावण, म्हणजे बाथ, ईटीपीवर येतो. नमुना मात्र शांत दिवशी घेतला जातो आणि वर्षाचा हिशेब त्याच्यावर उभा राहतो. वर्षातून निदान काही नमुने बाथ रिकामा केल्यानंतरचे घ्या, आणि कुठल्या तारखेला कुठली टाकी सोडली याची यादी ईटीपीच्या भिंतीवर लावा. तो बाथ एकदम न सोडता इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाणी मिसळून एकसारखं करण्याच्या टाकीत, थोडा थोडा सोडायचा असतो. ऑपरेटरला हे माहीत असतं, पण शिफ्ट संपत आली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला जातो. त्याला दोष देण्याआधी त्याला साठवणटाकी दिली आहे का ते बघा.

अहवाल पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता असलेल्या किंवा एनएबीएल प्रमाणित प्रयोगशाळेचे हवेत.

टप्पा ५: पार्ट डी, घातक कचरा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. विचारलेलं असतं, वर्षात किती कचरा *निर्माण झाला*. भरलं जातं, किती *पाठवला*. या दोन्हींत साठ्याचा फरक असतो.

१ एप्रिलला खोलीत ४०० किलो गाळ होता. वर्षात सहा हजार दोनशे किलो गेला. ३१ मार्चला ७०० किलो शिल्लक. निर्माण झालेला गाळ म्हणजे ६,२०० अधिक ७०० वजा ४००, म्हणजे ६,५०० किलो. पहिल्या टप्प्यातली मोजणी इथे कामाला येते.

वजन कुठल्या अवस्थेत केलं हेही लिहून ठेवा. गाळ वाळवण्याच्या उघड्या ड्राइंग बेडवरचा गाळ जुलैमध्ये काढला तर त्यात पावसाचंच पाणी भरपूर असतं, तुम्ही त्या पाण्याची वाहतूक आणि विल्हेवाट यांचे पैसे भरता, आणि वाहून गेलेलं पाणी जमिनीत मुरतं. बेडवर पत्र्याचं छप्पर घालणं हा मला माहीत असलेला सगळ्यात लवकर वसूल होणारा पर्यावरण खर्च आहे.

मग प्रवर्ग क्रमांक. घातक कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये बदलले आणि अनुसूचीतले क्रमांकही हलले. सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ पूर्वी ३४.३ होता, आता ३५.३ आहे. दूषित रिकामे बॅरल ३३.३ होते, आता ३३.१. फॉस्फेट गाळ १२.५, वापरलेलं तेल ५.१, दूषित चिंध्या ३३.२. जुन्या संमतीपत्रावरून उतरवलेले क्रमांक आजही फॉर्ममध्ये दिसतात. तुमच्या चालू संमतीपत्रातच जुना क्रमांक राहिला असेल तर नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्ती मागा.

*तपासणी:* चार कागद शेजारी ठेवा: फॉर्म थ्रीचं रजिस्टर, मॅनिफेस्टची बेरीज, ३० जूनचा फॉर्म फोर आणि आताचा फॉर्म फाइव्ह. मॅनिफेस्टच्या बेरजेत साठ्याचा फरक धरल्यावर चारही ठिकाणी गाळ तोच यायला हवा. फॉर्म फोर कन्सल्टंटच्या एका माणसाने आणि फॉर्म फाइव्ह दुसऱ्याने भरला की हमखास फरक पडतो, आणि पोर्टलवर दोन्ही तुमच्याच नावावर असतात.

मॅनिफेस्ट मोजताना फक्त पाठवताना ठेवलेली पिवळी प्रत मोजू नका. कचरा घेणाऱ्या सुविधेने सही करून परत पाठवलेली निळी प्रत आली का ते बघा. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या सामायिक सुविधांच्या काट्यावरचं वजन आणि तुमचं वजन यांत थोडा फरक येणारच. पण निळी प्रतच आली नसेल तर तुमचा कचरा पोचला याचा पुरावा तुमच्याकडे नाही.

साठवणुकीची मुदत ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान उत्पादकाला मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. गाडी परवडावी म्हणून वर्षभर गाळ साठवणारे कारखाने याच अटीत अडकतात. शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी उचलण्याची तारीख ठरवून सुविधेकडे एकत्र मागणी केली, प्रत्येकाचा मॅनिफेस्ट आणि वजन वेगळं ठेवलं, तर फेरीचा खर्च वाटून घेता येतो का हे जरूर विचारून बघा.

आणि बॅरल. फॉर्ममध्ये त्यांची संख्या बहुतेक वेळा शून्य असते, कारण ते भंगारवाल्याला गेलेले असतात. रसायनाची खरेदी बिलं काढा. वर्षात ८० बॅरल रसायन आलं असेल तर ८० बॅरल रिकामे झाले. ते कुठे आहेत? भंगारातून निघालेला निळा प्लास्टिकचा बॅरल वस्तीत पिण्याचं पाणी भरायला विकला जातो. आत अ‍ॅसिड होतं की पॅसिव्हेशनचं क्रोमियम, हे घेणाऱ्या बाईला कळायला मार्ग नसतो. म्हणून बॅरल पुरवठादाराला परत द्या किंवा अधिकारपत्र असलेल्या निर्मलीकरण केंद्राला द्या, आणि संख्या फॉर्ममध्ये लिहा. सगळ्या फॉर्ममध्ये एकच रकाना मन लावून भरायचा असेल तर हा भरा.

टप्पा ६: पार्ट ई आणि एफ

घातक नसलेला कचरा: खोके, लाकडी पॅलेट, लोखंडाचं भंगार. किती विकला, किती पुन्हा वापरला, किती टाकला. भंगार विक्रीची बिलं पुरेशी आहेत. ई-कचरा आणि बॅटऱ्या यांचे नियम वेगळे आहेत, त्या भंगारात मिसळू नका. पार्ट एफ मध्ये कचऱ्याचं स्वरूप आणि विल्हेवाटीची पद्धत लिहायची, ती वर दिलेल्या क्रमांकांशी जुळली म्हणजे झालं.

टप्पा ७: पार्ट जी आणि एच, जिथे सगळे झाडं लावतात

पार्ट जी विचारतो की प्रदूषण कमी करण्याच्या उपायांनी नैसर्गिक साधनं किती वाचली आणि उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला. पार्ट एच विचारतो की पुढे काय गुंतवणूक करणार. दोन्हीकडे "आवारात वृक्षारोपण केले, पुढेही करणार" हे वाक्य येतं. झाडं लावा, चांगलंच आहे, पण प्रश्न तो नाही.

इथे लाइनवरचं लिहा. एकाच रिन्स टँकमध्ये सतत ताजं पाणी सोडण्याऐवजी दोन टाक्या उलट प्रवाहाने जोडल्या: ताजं पाणी शेवटच्या टाकीत, तिचा ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत. जॉब बाथमधून वर काढल्यावर जिग, म्हणजे जॉब टांगायची चौकट, २०-३० सेकंद टाकीवरच ठिबकू दिली, टाक्यांच्या मध्ये उतरते पत्रे बसवले. बाथचं रसायन बाथमध्येच परतलं, रिन्सवरचा भार कमी झाला, ईटीपीत चुना कमी लागला, गाळ कमी झाला. पाण्याचे तीन लिटर वाचले ते इथे.

आता हिशेब: चौरस मीटरला तीन लिटर गुणिले २ लाख ६० हजार, म्हणजे ७८० घनमीटर. त्याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, टँकर बंद झाले असतील तर टँकरच्या दराने गुणा, वाचलेलं रसायन आणि गाळ-विल्हेवाटीचा खर्च मिळवा. तो आकडा पार्ट जी मध्ये लिहा. पार्ट एच मध्ये उपाय, रक्कम आणि महिना या तिन्ही गोष्टी हव्यात. पुढच्या वर्षी तोच रकाना भरताना हे झालं की नाही ते तुम्हालाच सांगायचं आहे.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण-सामाजिक अहवाल सक्तीचा केला आहे, आणि त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे पाणी-कचऱ्याचे आकडे मागू लागल्या आहेत. ग्राहकाच्या प्रश्नावलीत आणि फॉर्म फाइव्हमध्ये वेगवेगळे आकडे गेले तर ते केव्हा ना केव्हा एका टेबलावर येतील. दोन्हीकडे एकाच रजिस्टरमधून लिहा.

टप्पा ८: सही आणि फाइल

कन्सल्टंटने भरून दिला तरी सही उद्योग चालवणाऱ्याची असते. सही करण्याआधी ईटीपी ऑपरेटर आणि प्रॉडक्शन सुपरवायझर यांना समोर बसवून पार्ट बी, सी आणि डी मोठ्याने वाचा. चुकलेला आकडा तेच पकडतात.

भरल्यावर पोचपावतीबरोबर हिशेबाचा कच्चा कागद, मीटरचे फोटो आणि अहवाल त्याच फाइलमध्ये लावा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने "हे १३ कुठून आले" असं विचारलं तर फाइल उघडून दाखवता आलं पाहिजे.

मागची काही वर्षं आकडे नुसतेच उतरवले गेले असतील, तर यंदाचा खरा आकडा जुन्यापेक्षा खूप वेगळा दिसेल. मागच्या वर्षाच्या रकान्यात नवा आकडा गुपचूप घालू नका. पोर्टलवर जे गेलं आहे तेच तिथे ठेवा, आणि शेवटच्या भागात एक ओळ लिहा: यंदापासून मीटर वाचन आणि साठा मोजणीवरून हिशेब केला आहे, म्हणून फरक दिसतो. त्या ओळीखाली मीटर बसवल्याची तारीख घाला आणि मीटरच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र जोडा.